अधिवेशन चालू असताना

मी पोलीस नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण मागच्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर नीलने विचारलं होतं, “आजी, यू वर बेसिकली अ कॉप, राइट?” आणि मी तोंड उघडायच्या आत ईराने त्याला दटावलं, “नो यार, शी वॉज इन अ‍ॅन ऑफिस.” दोघांचंही थोडं बरोबर, बरंचसं चूक. तुम्ही तिकडे सनीव्हेलला, मी इकडे अमेरिकेतल्याच एका मध्यम आकाराच्या राज्याच्या राजधानीत. फोनवर असल्या गोष्टी नीट सांगता येत नाहीत. मध्येच कुणाचा तरी पिझ्झा येतो. दिवाळी अंकासाठी नोकरीबद्दल लिहा असं संपादकांनी म्हटलं, तेव्हा तुम्हा दोघांनाच समोर धरून लिहायचं ठरवलं. तुमची आई वाचून दाखवील. अडेल तिथे तिला थांबवा आणि विचारा. राज्याचं नाव मी लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. असा कायदा बऱ्याच राज्यांत आहे, आणि माणसं सगळीकडे सारखीच असतात.

कायदा असा. जानेवारीत विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की एक मनाई लागू होते. गव्हर्नर, आमदार, राज्याच्या पातळीवर निवडून आलेले इतर अधिकारी आणि त्यांच्या हाताखालची माणसं यांनी अधिवेशन संपेपर्यंत निवडणुकीसाठी पैसे मागायचे नाहीत, घ्यायचे नाहीत, आणि “नंतर देतो” असं कुणाकडून कबूलही करून घ्यायचं नाही. वसंतात अधिवेशन संपलं की मोकळीक. मी घरी त्याला चातुर्मास म्हणायची. तुमचे आजोबा म्हणायचे, “चातुर्मासात कांदा सुटतो, सुधा, कांद्याची आठवण सुटत नाही.”

लोकांना वाटतं, हा कायदा पैसे देणाऱ्या लबाड श्रीमंतांसाठी आहे. मलाही कॉलेजात तसंच शिकवलं असतं, शिकवलं असतं तर. मला तो कळला त्याच्या कितीतरी आधी, नागपूरला धरमपेठेत, बाबांच्या दवाखान्यात. गणपतीआधी पोरं वर्गणी मागायला यायची, बाबा हसत द्यायचे. एका वर्षी पोरांबरोबर नगरसेवक स्वतः आला. दवाखान्यासमोरचं गटार महिनोन् महिने तुंबलेलं होतं आणि बाबांचा अर्ज त्याच्याकडेच पडून होता. नगरसेवक गटाराबद्दल चकार शब्द बोलला नाही. पावतीपुस्तकही पोराच्याच हातात होतं. बाबांनी दरवर्षीपेक्षा बरेच जास्त दिले, आणि तो गेल्यावर बेसिनपाशी उभे राहून बराच वेळ हात धूत राहिले. माझ्या नोकरीतली सगळी वर्षं मी जो कायदा सांभाळला तो त्या हात धुणाऱ्या माणसासाठी होता. ज्याला “नाही” म्हणता येत नाही, त्याच्यासाठी.

निवडणुकीच्या पैशांवर लक्ष ठेवणारं आमचं सरकारी ऑफिस म्हणजे विधानभवनापासून दोन गल्ल्या पलीकडचा एक मजला. काम दुहेरी. कुणी आधी विचारलं तर काय चालतं ते सांगायचं, आणि कुणी तक्रार केली तर तपासायचं. पहिलं काम पुष्कळदा करमणुकीचं. आमदारांचे मदतनीस फोन करायचे. “साहेबांनी मागितलं नाही, मॅडम. फक्त ‘मे महिन्यात आमची आठवण ठेवा’ एवढंच म्हणाले.” मी म्हणायची, आठवण ठेवा हेही मागणंच. “चेक डिसेंबरात पोस्टात पडला होता, आला जानेवारीत.” आला ती तारीख धरायची, परत पाठवा. एका आमदाराच्या मुलीचं लग्न अधिवेशनात आलं. त्याने विचारलं, आहेर घेऊ का? मी म्हटलं, जरूर घ्या, पण चेकवर मुलीचं नाव असू दे, तुमच्या निवडणूक समितीचं नको. तो इतका हसला की फोन खाली ठेवायला विसरला.

एक म्हातारा सेनेटर मला अजून आठवतो. त्याने अधिवेशन संपायच्या संध्याकाळी निधीसाठी जेवण ठेवलं होतं, आणि बजेटवरून भांडण होऊन अधिवेशन लांबलं. दुपारी त्याचा फोन. “मॅडम, खाणं शिजलंय. माणसं निघालीत. मी काय करू?”

“वाढा,” मी म्हटलं. “घेऊ नका.”

त्याने खरंच दारात बायकोला उभं केलं. खिशात हात घालणाऱ्या प्रत्येकाला ती म्हणत होती, “आधी जेवून घ्या, पैसे घरी घेऊन जा.” जेवणाचा खर्च त्याने स्वतःच्या खिशातून भरला. पुढच्या निवडणुकीत तो पडला. असेही लोक होते, म्हणून मुद्दाम लिहिते.

दुसऱ्या कामात करमणूक नव्हती. एकदा छपरं बसवणारा एक कंत्राटदार आला. टोपी हातात, खुर्चीत बसायला तयार नाही. त्याच्या धंद्याच्या परवान्याचं विधेयक समितीपुढे होतं, आणि त्याला फोन आला होता. कुणाचा ते सांगेना. “माझं नाव न घेता तक्रार करता येईल का?” मी म्हटलं, नाही, सही लागते, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याला ती दाखवावी लागते. तो म्हणाला, “देन आय वॉज नेव्हर हिअर.” टोपी घातली आणि गेला. मी जिन्यापर्यंत त्याच्या मागे गेले. अशी माणसं किती येऊन गेली त्याची मोजदाद कुणाकडे नाही, कारण ती कधी आलेलीच नसतात.

आता मीनलबद्दल लिहिते. तिच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

मीनल आमच्या मराठी मंडळातली, माझ्यापेक्षा बरीच लहान, कोल्हापूरची. नवरा अचानक गेला तेव्हा ती एका इस्पितळात सहायक नर्स होती. विम्याचे पैसे आले त्यातून तिने एक बैठं घर घेतलं आणि म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचा परवाना काढला. सहाच माणसं. इथे अशा छोट्या घरांना सरकारी मान्यता असते. मोठ्या नर्सिंग होमपेक्षा स्वस्त पडतात आणि माणूस घरात राहिल्यासारखा राहतो. त्या सहांत एक पोलिश आजी, एक निवृत्त ट्रकवाला, एक गुजराती जोडपं, एक शाळेतली स्वयंपाकीण आणि नाना.

नाना अमरावतीकडच्या एका गावात हेडमास्तर होते. मुलाकडे इकडे आले, नागरिक झाले, मग मुलगाच वारला. सून मुलांना घेऊन दूरच्या राज्यात गेली. नानांचा विसराळूपणा वाढत गेला. आधी इंग्रजी गेली, मग हिंदी गेली. उरली मराठी. मीनलच्या घराला ते शाळेचं वसतिगृह समजत. सकाळी खोल्याखोल्यांतून हजेरी घेत आणि पोलिश आजी न चुकता हात वर करून “हजर” म्हणे. तो शब्द त्यांनीच तिला शिकवला होता. त्यांचा खर्च सरकार देत होतं. सरकारी मदतीवरच्या माणसाला जिथे खाट रिकामी असेल तिथे जावं लागतं, एवढं लक्षात ठेवा.

मग राज्याने नवा नियम केला: अशा प्रत्येक घरात स्प्रिंकलर हवेत, म्हणजे आग लागली की छतातून आपोआप पाणी सुटणारी नळ्यांची यंत्रणा. नियम चांगला होता. पण उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत बसवा, नाहीतर परवाना रद्द. मोठ्या कंपन्यांना ते जड नव्हतं. मीनलच्या आवाक्यात तो खर्च मुळीच नव्हता. म्हणून छोट्या घरांना काही वर्षांची मुदत आणि थोडी मदत देणारं एक विधेयक आलं. आरोग्य समितीपुढे त्याची सुनावणी व्हायची होती. ती ठेवायची की नाही हे एकट्या चेअरमनच्या हातात. त्यांना मी इथे चेअरमनच म्हणते.

मार्चमध्ये मीनलचा फोन आला, ऑफिसात नाही, घरी.

“ताई, चेअरमनच्या ऑफिसातून फोन आला होता. ब्रँडन म्हणून मुलगा आहे. म्हणाला, साहेब काही जवळच्या लोकांबरोबर ब्रेकफास्ट घेणार आहेत, तुम्ही आलात तर त्यांना आवडेल.”

“पैशांचं काही बोलला?”

“नाही. म्हणाला, छोट्या घरांचा विषय साहेबांना जवळचा आहे. आणि मग म्हणाला, किती लोकांना तो जवळचा आहे हे त्यांना बघायचंय. ताई, याचा अर्थ काय?”

“अर्थ तुला कळलाय.”

“जाऊ नको म्हणता?”

“जाऊ नको. आणि जे बोलला ते लिहून आमच्याकडे दे.”

“म्हणजे तक्रार? मग बिलाचं काय होईल?”

ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असंच मी सांगितलं. ती म्हणाली, “बघा ना, गेले तरी मरण, नाही गेले तरी मरण.” ती गेली नाही. तक्रारही केली नाही. ब्रेकफास्ट झाला की नाही ते मला कधीच कळलं नाही. पण सुनावणीची तारीख काही लागेना.

इथे शरदराव आले. शरदराव म्हणजे आमच्या मंडळाचे सर्वेसर्वा. मोटार कंपनीतून निवृत्त झालेले सांगलीचे इंजिनियर. दिलदार, गडगडाटी आवाज, आणि कुणाचंही अडलेलं काम आपल्या अंगावर घ्यायची हौस. मीनलने त्यांच्याकडे मन मोकळं केलं. त्यांनी ठरवलं की पाडव्याच्या कार्यक्रमाला चेअरमनना बोलवायचं आणि त्यांचा सत्कार करायचा. मला कुणी सांगितलं नाही. “तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मोडता घातला असता,” असं ते नंतर म्हणाले, आणि ते खरं होतं.

पाडव्याला शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला. दारात गुढी, आत बांगड्या, परकर-पोलकी, पळापळ. मी श्रीखंड वाढत होते. मागे टाळ्या वाजल्या म्हणून वळून पाहिलं तर चेअरमन आत येत होते, बरोबर तो ब्रँडन. मी डाव टेबलावर ठेवला आणि सरळ ब्रँडनकडे गेले. त्याला ओळख दिली. म्हटलं, “अधिवेशन चालू आहे, लक्षात आहे ना?”

“इट्स अ कल्चरल इव्हेंट, मॅम,” तो म्हणाला. पोरगा गोड होता. “वी जस्ट लव्ह द कल्चर.”

स्टेजवर शाल झाली, श्रीफळ झालं. चेअरमननी नारळ हातात फिरवून पाहिला, लोक हसले. मग शरदरावांनी तबकातून पाकीट उचललं. वर हळदकुंकवाची बोटं, एका कोपऱ्यात चिकटवलेलं नाणं. आपल्याकडे रिकाम्या हाताने सत्कार करत नाहीत. कीर्तनकाराला, वक्त्याला, गुरुजींना शाल-श्रीफळाबरोबर पाकीट देतोच. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, मलाही कधी वाटलं नव्हतं. पण या पाकिटात काय असणार ते मला दिसलं. मी स्टेजच्या पायऱ्या चढले.

“शरदराव, पाकीट देऊ नका. शाल पुरे. ऐका माझं.”

त्यांनी माईकवर हात न ठेवताच म्हटलं, “आमच्या सुधाताईंना उखाणा घ्यायचाय वाटतं!” हॉल खदाखदा हसला. माझे कान तापले. आणि मग ते इंग्रजीत चेअरमनकडे वळले. ते बोलणं मी नंतर चौकशीत जसंच्या तसं सांगितलं, इथे मराठीत सांगते. “साहेब, तुमच्या पुढच्या निवडणुकीसाठी आमच्या सभासदांचा हा खारीचा वाटा. आणि आमच्या मीनलच्या बिलाकडे लक्ष असू द्या.”

एका दमात. माईकवर. सगळ्यांसमोर, टाळ्यांत. आणि मंडळाचा एक उत्साही तरुण ते फोनवरून लाइव्ह दाखवत होता.

मुलांनो, विधानभवनात मुरलेली माणसं ही दोन वाक्यं कधीच एका ठिकाणी बोलत नाहीत. पैसे मार्चमध्ये जेवताना, काम एप्रिलमध्ये फोनवर, आणि मधल्या काळात गोल्फ. माझ्या सगळ्या नोकरीत मला ती दोन वाक्यं एकत्र जोडून दाखवता आली नाहीत. ती जोडून दाखवली आमच्या भोळ्या शरदरावांनी, कारण त्यांच्या मनात लपवण्यासारखं काही नव्हतं. चेअरमनचं हसू क्षणभर गोठलं. मग त्यांनी “थँक यू, थँक यू फॉर युअर सपोर्ट” म्हटलं, आणि ब्रँडनने पाकीट कोटाच्या आतल्या खिशात टाकलं.

मीनल पुढच्या रांगेत बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

सोमवारी सकाळी मी माझ्या वरिष्ठ बाईंच्या, कॅरलच्या, खोलीत गेले आणि पाहिलं ते सांगितलं. ज्याला माहीत आहे त्याने सांगायचं, हा आमच्या नोकरीचा नियम. आणि आपली ओळखीची माणसं असली की त्या प्रकरणातून बाजूला व्हायचं, हाही नियम. कॅरल उंच, कमी बोलणारी बाई. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, “तुझे हे मित्र तुझ्याशी पुन्हा बोलतील?”

“नाही,” मी म्हटलं.

“आय अ‍ॅम सॉरी, सुधा,” ती म्हणाली, आणि लिहायला घेतलं.

संध्याकाळी शरदरावांचा फोन आला. “सुधाताई, तुम्ही आमच्या घरचं मीठ खाल्लंय.”

“खाल्लंय. म्हणूनच स्टेजवर आले होते.”

“अहो, देवाच्या पुढेसुद्धा आपण नारळ ठेवतो. तो काय लाच असतो?”

“देवाकडे सुनावणीची तारीख नसते, शरदराव.”

“तुम्ही ना, पुस्तकातच राहिलात,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांचा आवाज चिरकला होता. त्यांना स्वतःसाठी काही नको होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

पुढचं मला बाहेरच्या माणसासारखंच कळत गेलं. चेअरमनच्या ऑफिसने त्याच आठवड्यात चेक परत केले. ती आपल्याला सांस्कृतिक भेट वाटली होती, उघडून बघितली तेव्हा धक्का बसला, असं लेखी दिलं. ब्रँडनला कायद्याच्या प्रशिक्षणाला पाठवलं. इथपर्यंत सगळं आमच्या कायद्याला शोभेल असंच झालं. मग त्यांनी एक निवेदन काढलं. चौकशी चालू असताना संबंधित विधेयक हाताळणं आपल्याला योग्य वाटत नाही. प्रक्रियेच्या पावित्र्यासाठी या अधिवेशनात ते विचारात घेतलं जाणार नाही.

मी ते ऑफिसात, टेबलाशी उभी राहून वाचलं. दोनदा वाचलं. आमच्या कायद्याची त्यांनी कडी केली होती, आणि ती बाहेरून मीनलच्या दारावर घातली होती. त्यांचा मोठ्या कंपन्यांशी काय संबंध होता, सुनावणी त्यांना मुळात ठेवायची होती का, हे मी सांगू शकत नाही. तसा पुरावा मी पाहिला नाही, म्हणून तसा आरोपही करत नाही. एवढंच सांगते की त्या निवेदनाची वर्तमानपत्रांनी स्तुती केली.

मी कॅरलकडे गेले. “विधेयक दुसऱ्या कुणाकडे द्यायला आपण सांगू शकत नाही?”

“आपण पैशांवर लक्ष ठेवतो, सुधा. विधेयकांवर नाही. तुला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.”

माहीत होतं. नव्या लोकांना ते मीच शिकवत आले होते. अधिवेशन चालू असताना काय घ्यायचं नाही एवढंच आमचा कायदा सांगतो. काय ऐकायचं, कुणाचं ऐकायचं, त्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही.

मीनलला निवेदनाचं कुणी कळवलं नव्हतं. समितीच्या शेवटच्या बैठकीत विधेयक घेतील या आशेने ती विधानभवनात आली. मी जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम तिकडे गेले होते. बोलायला नव्हे, ते मला वर्ज्य होतं. नुसती लांब उभी राहायला. ती इस्त्रीचा ड्रेस घालून आली होती, बरोबर त्या गुजराती जोडप्याचा मुलगा. समितीच्या खोलीबाहेर ब्रँडनच भेटला.

“आय अ‍ॅम सो सॉरी, मीनल. द चेअरमन वॉन्ट्स टु कीप धिस क्लीन.”

मीनलने त्याला शांतपणे विचारलं, “तू मला ब्रेकफास्टला बोलावलं होतंस ना?”

“आय डोन्ट रिकॉल दॅट,” तो म्हणाला.

मग तिला मी दिसले. ती माझ्याजवळून चालत गेली आणि न थांबता मराठीत म्हणाली, “मी त्या दिवशी ताईला फोन केला होता. ऑफिसला नव्हता केला.”

समितीतून न निघालेलं विधेयक त्या वर्षापुरतं मेलं. चेअरमनच्या निवडणूक समितीला दंड झाला, शरदरावांना ताकीद मिळाली. अधिवेशन संपल्यावर थोड्याच दिवसांनी चेअरमननी मोठं जेवण ठेवलं. तेव्हा ते पूर्ण कायदेशीर होतं, आणि निमंत्रण देणाऱ्यांत मोठ्या नर्सिंग होमवालेही होते. हे मी त्यांच्या जाहीर हिशोबात पाहिलं; तो कुणालाही पाहता येतो.

मीनलने कर्ज मिळतंय का ते पाहिलं. मंडळातल्या काहींनी मदत करायचं मनात आणलं, पण चौकशीमुळे सगळे दबून गेले होते. कशावर सही करायची म्हटलं तरी भीती. परवाना गेला. उन्हाळ्याच्या शेवटी एकेकाला न्यायला गाड्या आल्या. मी गेले नव्हते, जायचं तोंड नव्हतं. हे सगळं मला त्या गुजराती मुलाने नंतर सांगितलं. नानांनी त्या दिवशीही सकाळी हजेरी घेतली होती. गाडीत बसवताना त्यांनी मीनलला विचारलं, “सहल आहे का?” ती हो म्हणाली.

नानांना दोन तासांवरच्या एका मोठ्या नर्सिंग होममध्ये खाट मिळाली. मीनलने घर विकलं, विम्याच्या पैशांतलं काही हाती राहिलं नाही, आणि तिने त्याच नर्सिंग होममध्ये नोकरी धरली. खालच्या मजल्यावर. नाना वरच्या मजल्यावर होते. मजला बदलून मिळेना.

पुढच्या जानेवारीत तसंच विधेयक पुन्हा आलं, दुसऱ्या कुणाच्या नावाने, आणि एकमताने मंजूर झालं. छोट्या घरांना मुदत मिळाली. चेअरमननी त्याच्या बाजूने चांगलं भाषण केलं.

त्यानंतर मी एकदा नानांना भेटायला गेले. दुपारची वेळ. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी मला नम्रपणे सांगितलं, “ही इज नॉन-व्हर्बल, मॅम. बोलत नाहीत ते. फाइलमध्ये तसंच आहे.”

“ते बोलतात,” मी म्हटलं. “तुम्हाला कळत नाही अशा भाषेत बोलतात.”

“ओह,” ती म्हणाली. “आम्हाला वाटलं नुसते आवाज करतात.”

नाना खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होते, अर्धे झालेले. त्यांच्या शेजारी युनिफॉर्ममध्ये मीनल बसली होती. तिच्या मांडीवर थर्मासचा डबा, त्यात वरणभात. आपल्या सुट्टीत ती रोज वर येऊन त्यांना भरवत होती. मला पाहून ती उठली नाही, आणि जा असंही म्हणाली नाही. नाना एकेक घास सावकाश खात होते आणि मधूनच काहीतरी पुटपुटत होते. ती “हो नाना”, “बरं नाना” म्हणत होती.

मग तिने माझ्याकडे न बघता विचारलं, “ताई, पुन्हा तसंच तुमच्या डोळ्यांसमोर झालं, तर पुन्हा जाऊन सांगाल?”

मी खूप विचार करून आले होते. त्या दोन तासांच्या रस्त्यावर आणि त्याआधीही. खोटं सांगून ती हलकी झाली असती असं मला वाटलं नाही.

“हो,” मी म्हटलं.

ती रडली नाही, चिडली नाही. तिने मान हलवली, जशी आपण हिशोब जुळल्यावर हलवतो. घड्याळ पाहिलं आणि डबा माझ्या हातात दिला.

“मग भरवा. माझा ब्रेक संपला.”

ती जिन्याने खाली गेली. मी खुर्ची पुढे ओढली, चमच्यात थोडा भात घेतला, वर वरण घेतलं. “नाना,” मी म्हटलं, “वरणभात आहे. घ्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, ती गेली त्या बाजूला. आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

मी चमचा धरून बसले. भात गार होईपर्यंत बसले. त्यांनी तोंड उघडलं नाही.